गाडीच्या रंगावर डाग न उमटवता डिटेलिंग स्प्रे कसा वापरावा

डिटेलिंग स्प्रे म्हणजे गाडीच्या रंगावर फवारून पुसायचा, चमक आणणारा द्रव. त्याचे ओघळ किंवा पांढुरके पट्टे रंगावर राहतात, त्याचे मुख्य कारण बहुधा तापलेला पत्रा हे असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट त्याहूनही कितीतरी अधिक तापते. अशा पत्र्यावर फवारा पडताच त्यातील पाणी उडून जाते आणि पुसण्याआधीच उरलेले घटक रंगावर सुकून बसतात. म्हणून हे काम सूर्योदयानंतर लगेच, सावलीत करावे, आणि पत्रा तळहाताला गार लागल्याशिवाय सुरुवात करू नये.

गाडीवर धुळीचा थर असेल, तर आधी ती धुऊन पूर्ण कोरडी करावी, कारण कोरडी धूळ स्प्रेने पुसून काढल्यास रंगावर बारीक ओरखडे येतात. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याकडे, म्हणजे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या परिसरात राहणाऱ्यांनी तर आधी गाडी धुणे टाळूच नये.

एका वेळी अर्धा दरवाजा एवढाच भाग घ्यावा. दोन-तीन फवारे पुरेसे असतात; जास्त मारल्याने चमक वाढत नाही, पट्टे मात्र वाढतात. गडद रंगाच्या गाडीवर फवारा थेट पत्र्यावर न मारता मायक्रोफायबरच्या कापडावर मारणे मला अधिक सोयीचे वाटते. त्या कापडाने द्रव सरळ रेषेत पसरवून, तो सुकण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसावे आणि कापडाची घडी वारंवार पालटावी. तरीही पट्टा राहिलाच, तर नवा फवारा मारण्याऐवजी किंचित ओलसर कापड फिरवून तो भाग लगेच कोरडा करावा.

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसून कापडाची शोषणक्षमता कमी होते.