रोपं आणायच्या आधी डबा आणि घड्याळ घेऊन रानात जा

जून तोंडावर आला की आमच्या पन्हाळ्याकडच्या गावांत सगळ्यांच्या स्टेटसला झाडं लावतानाचे फोटो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी नुसते खड्डे. मी पण त्यातलाच, दोनदा रोपं घालवलीत. आमचं डोंगराकडचं २२ गुंठे रान, आधी तिथं गवत असायचं, कडंला थोडी नाचणी. मग पाइपलाइन आली म्हणून जेसीबी लावून सपाट केलं आणि ऊस घातला. वरची चांगली माती खाली गाडली गेली, खालचा मुरूम वर आला, त्यात चार-पाच वर्षं रोटर (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) मारमारून शेवटी पावसाचं पाणी रानात मुरायचंच बंद झालं, तांबडं पाणी सरळ ओढ्याला. आता तेच रान परत गवता-झाडाखाली आणतोय, त्यात जे कळलं ते सांगतो.

आधी माती पाणी पिते का ते बघा. साधारण १५ सेंमी रुंदीचा पत्र्याचा डबा घ्या, वरचं झाकण आणि बूड दोन्ही कापा, लाकडाची फळी वर ठेवून ५ सेंमी जमिनीत ठोका. ४५० मिली पाणी ओता, म्हणजे डब्यात अडीच सेंमी पाणी उभं राहतं. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कोरडी माती ते गटागटा पिते आणि आपण उगंच खूश होतो. ते मुरलं की परत तेवढंच ओता आणि आता वेळ लावा. एकदा रानात, एकदा जुन्या बांधावरच्या गवतात. आमच्या बांधावर घरातनं चहा येईस्तोवर पाणी गायब, आणि रानात दीड तास झाला तरी डबा चकाकतोय! दोन्ही ठिकाणांत अंतर वीस पावलं.

दुसरी परीक्षा फुकटची. दोन्हीकडचं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ वेगवेगळ्या ग्लासात पाण्यात सोडा. बांधावरचं तसंच बसून राहतं, रानातलं मिनिटभरात विरघळून गाळ होतो. कारण गवताची तंतुमुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळं मिळून मातीचे कण चिकटवून रवाळ करतात आणि त्या रव्यांच्या मधल्या पोकळीतनं पाणी आणि हवा फिरते. सारखी मशागत केली की ते चिकटवणारं सेंद्रिय जळून जातं, मग उघड्या मातीवर पावसाचा थेंब आपटला की रवा फुटतो, बारीक गाळ पोकळीत बसतो आणि वर पापुद्रा धरतो. खाली रोटरच्या पात्यांनी आणि ट्रॅक्टरच्या वजनानं कडक थर झालेला असतोच. आता हिशोब बघा, १ गुंठ्यावर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी, दिवसाला ५० मिमी तर आमच्याकडं पावसाळ्यात काय विशेष नाही, म्हणजे २२ गुंठ्यांवर लाखाच्या वर लिटर, ५ हजारांचे २२ टँकर. ते मुरलं नाही तर माती घेऊनच जाणार की.

कामाला माथ्यावरनं सुरुवात करायची, पायथ्याकडनं नाही, नाहीतर वरचं पाणी येऊन खालचं सगळं फोडतं. कडक थर असेल तर एप्रिल-मे मध्ये माती पूर्ण वाळलेली असताना एकदाच, उताराला आडवा सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारून घ्या. ओल्या रानात ट्रॅक्टर घालायचा नाही, म्हणजे नाहीच. मग समतल चर, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, माती खालच्या बाजूला. लेव्हल डोळ्यानं धरू नका, तीन बांबूंचा इंग्रजी A सारखा घोडा करून वरच्या टोकातनं दगड बांधलेली दोरी सोडा, दोन्ही पाय सम पातळीत आले की दोरी आडव्या बांबूच्या मधल्या खुणेवर येते. आम्ही पहिल्यांदा जेसीबीवाल्याच्या अंदाजानं चर काढले, सगळं पाणी एका कोपऱ्यात जमलं आणि तिथनंच बांध फुटला.

आणि पहिल्या वर्षी झाडं नकोतच! गवत. चराच्या मातीवर मारवेल गवताचे ठोंब, मध्ये स्टायलो (शेंगवर्गीय वैरण), आणि दिवाळीच्या सुमाराला डोंगरावरचं पिकलेलं गवत कापून ठेवलं असेल तर त्याचं बी पावसाच्या आधी फेकायचं. जनावरं सोडायची नाहीत, वैरण कापून न्यायची, तीसुद्धा चार बोटं ठेवून. उन्हाळ्याआधी कडंनं जाळपट्टा (वणवा अडवायला गवत काढलेली मोकळी पट्टी) काढा, एका वणव्यात दोन वर्षांची मेहनत जाते.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडं, जांभूळ, हिरडा, करंज, आवळा, ऐन, ओढ्याच्या कडंला उंबर. निलगिरी दाट लावू नका, ती वाढते पटपट पण पाणी पण तसंच ओढते. तसं कुठलंही झाड पाणी पितंच, त्यामुळं झाडं लावली की लगेच विहीर भरेल असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. मुरणं आधी सुधारतं, विहिरीचं नंतर बघू. आणि मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर खड्डे पाडू नका, तिथली बारकी पावसाळी फुलं आणि गवत हेच तिथलं जंगल आहे.

शिरोळकडच्या काळ्या जमिनीला मात्र हे जसंच्या तसं लावू नका. तिथं दुखणं वेगळं, उसाला वर्षानुवर्षं पाणी जास्त आणि निचरा नाही, त्यामुळं क्षार वर आलेत, सोडियमनं मातीची घडण मोडलीय. तिथं आधी निचऱ्याचे चर किंवा पाइप, मग बाकीचं.

डबा दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात ठोका, आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आमचं तिसऱ्या वर्षी दीड तासावरनं ४० मिनिटांवर आलंय, पण वरच्या वितीखाली कुदळ मारली की अजून खणखणतंय.