२२ सेकंदांचा प्रयोग आखताना

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात प्रबंधाचा आराखडा पाठवण्याआधी नाशिकमधले माझे एम.डी.चे विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, वजनरहित अवस्थेत रक्ताभिसरण अभ्यासायला अंतराळातच जावं लागतं का?’ नाही. फ्रान्समध्ये बोर्दोहून नोव्हस्पेस या कंपनीचं एअरबस ए३१० विमान उडतं. एका उड्डाणात ३१ पॅराबोला, म्हणजे वर चढून कमानीसारखं खाली येणं, आणि प्रत्येकात साधारण २२ सेकंद वजन नाहीसं.

पण आखणी फक्त त्या २२ सेकंदांची करू नका. आधी सुमारे २० सेकंद आणि नंतरही जवळपास तेवढाच वेळ शरीरावर १.८ जी, म्हणजे जमिनीवरच्या १.८ पट, भार असतो. उभ्या माणसाचं रक्त पायांकडे ओढलं जातं, नाडी वाढते. वजन गेलं की रक्त छातीकडे परततं, नाडी उतरते. ही उतरण वजन गेल्यामुळे की आधीचा भार सुटल्यामुळे, हे वेगळं करता यायला हवं. म्हणून ईसीजी सलग घ्या, प्रवेगाची नोंद त्याच घड्याळावर ठेवा. तुलनेला दोन पॅराबोलांमधल्या सपाट उड्डाणातली मोजमापंही लागतील, कारण केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. आडव्या माणसात हे बदल फारच कमी दिसतात, तेव्हा उभं की आडवं, हे आधीच ठरवा.

रक्तदाब दंडाच्या पट्ट्याने मोजायला जाल तर तो फुगून उतरेपर्यंत वजन परत आलेलं असेल. प्रत्येक ठोक्याचा दाब देणारं बोटाचं यंत्र घ्या, आणि हात झोळीत बांधून बोट हृदयाच्या पातळीवर ठेवा. हात खाली लोंबला तर १.८ जीमध्ये आकडा खोटा वाढतो, वजनरहित अवस्थेत मात्र ती चूक नाहीशी होते. मग तुम्हाला जो ‘बदल’ दिसेल तो हाताचा असेल, हृदयाचा नव्हे! यावर मी फार आग्रही आहे.

मळमळीवर स्कोपोलामाइन देतात. हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस नसेच्या कामात ते ढवळाढवळ करतं, म्हणजे तुम्ही मोजता ती नाडीच बदलू शकते. कोणी, किती, केव्हा घेतलं ते लिहा आणि औषधानंतरची नाडी जमिनीवरही मोजा. औषध नको म्हणणाऱ्याला किंवा हवं असणाऱ्याला आकड्यांसाठी अडवू नका. मधेच ‘थांबतो’ म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला लगेच सीटवर पट्टा बांधून बसवायचं, हे एथिक्स कमिटीच्या अर्जात स्पष्ट लिहा.

आणि सराव इथेच करा. एकाने स्टॉपवॉच धरून ‘वीस, बावीस, वीस’ पुकारायचं, दुसऱ्याने त्या तालावर सगळ्या कृती करायच्या, बटणं न बघता दाबता येईपर्यंत.