५०० ची गोळी ४९ ची कशी झाली

गोळीत ‘क’ जीवनसत्त्व किती, ते प्रयोग करून मोजत होतो. स्ट्रिपवर ५०० मिलिग्रॅम आणि माझं उत्तर ४९.३! नाशिकला गंगापूर रोडवरच्या खोलीत चहा गार होईस्तोवर वही तीनदा तपासली. गोळी विरघळवून २५० मिली केलं होतं. त्यातले १० मिली घेऊन पाण्याने १०० मिली केलं. त्यातल्या २५ मिलीला ०.००२ मोलर (तीव्रतेचं एकक) आयोडीन १४.० मिली लागलं, तेव्हा कुठे जीवनसत्त्व संपून स्टार्चचा निळा रंग टिकला. १ मिली आयोडीनला ०.३५२ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे त्या २५ मिलीत ४.९३ मिलिग्रॅम. इथवर बरोबर. पुढे थेट २५०/२५ ने गुणलं, मधलं डायल्यूशन (१० मिलीचे १०० मिली करणं) साफ विसरलो. फ्लास्कवर लेबलच नव्हतं, दुसरं काय!

खरं गणित: ४.९३ × १००/२५ × २५०/१० = ४९३.

आता प्रत्येक फ्लास्कवर ‘किती घेतले, किती केले’ लिहितो. आणि द्रावण ताजंच वापरतो. हवेने हे जीवनसत्त्व कमी होत जातं.