ईडीटीए टायट्रेशनमध्ये निळा रंग येतच नाही? माझा अनुभव

पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल, पाण्याचा कठीणपणा (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायचा. त्यांना पकडणारं ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने घालायचं (हेच टायट्रेशन); सगळं पकडलं गेलं की इंडिकेटरचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सूचकाचा, लाल रंग निळा होतो. नमुना सांगलीजवळच्या रानातल्या बोअरचा. वाइनसारखा लाल रंग जांभळा व्हायचा आणि तिथंच रेंगाळायचा. स्वच्छ निळा होत नव्हता. दोन रीडिंगं जुळेनात, वैताग आला.

इंडिकेटर जास्त घातला, रंग नुसता गडद झाला. ईडीटीए नव्याने बनवलं, तरी तेच.

मग बफर (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, स्थिर ठेवणारं अमोनियाचं द्रावण) घातलेल्या फ्लास्कमधला थेंब पीएच पेपरवर टाकला. पीएच जेमतेम ८. बफरची बाटली वारंवार उघडून अमोनिया उडून गेला होता. आमच्या इंडिकेटरला, एरिओक्रोम ब्लॅक टीला, नीट रंग बदलायला पीएच १० लागतो.

ज्याने जमलं ते असं. बफर नवा बनवला: १७.५ ग्रॅम अमोनियम क्लोराईड १४२ मिली तीव्र अमोनियात विरघळवून डिस्टिल्ड वॉटरने २५० मिली केलं (फ्यूम हूडमध्येच करा, डोळे झोंबतात), बूच घट्ट लावलं. इंडिकेटरचं द्रावणही जुनं होऊन बिघडतं, म्हणून अर्धा ग्रॅम पूड १०० ग्रॅम कोरड्या मिठात, म्हणजे सोडियम क्लोराईडमध्ये, खलली. ५० मिली नमुन्यात आधी २ मिली बफर, मग पीएच तपासला, शेवटी चिमूटभर पूड. लगेच टायट्रेशन, पाच मिनिटांच्या आत. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू शकतो. शेवटचे थेंब सावकाश, फ्लास्कखाली पांढरा कागद.

लालसर छटा एका थेंबात गेली. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिली नमुन्यासाठी रीडिंगला २० ने गुणा, उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.