पडदा काळा करा, फळा जिवंत होईल

स्लाइड पडद्यावर असेपर्यंत मुलं ती उतरवून घेत बसतात, शिक्षकाचं बोलणं हवेत जातं. प्रोजेक्टर बंद करू नका. दिवा गार होऊन पुन्हा लागायला वेळ जातो. पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे.

१. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर ‘बी’ दाबा. पडदा काळा होतो. पुन्हा ‘बी’ दाबलं की तीच स्लाइड परत.
२. खोलीत अंधार जास्त असेल तर ‘डब्ल्यू’ दाबा. पडदा पांढरा होतो, फळ्यावर उजेड पडतो.
३. मागची स्लाइड हवी असेल तर तिचा आकडा टाइप करून एंटर. सातवी हवी तर ७ आणि एंटर. सगळ्या स्लाइड उलट्या पळवत बसायला नको.

कराडचा प्रीतिसंगम शिकवताना फोटो अर्धा मिनिट दाखवा, मग ‘बी’. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन कशा भेटतात आणि पूर्वेकडे कशा वळतात, ते खडूनं एकेक रेघ ओढत दाखवा. तयार नकाशा एकदम समोर येतो. काढलेला नकाशा मुलांच्या वहीत हाताबरोबर उतरतो. फोटो, हलती आकृती यांना स्लाइडच बरी. गणिताच्या पायऱ्यांना मात्र फळाच, यात वाद नको.

एक सांभाळा: कीबोर्ड मराठीवर असेल तर ही बटणं चालतीलच असं नाही. तास सुरू होण्याआधी तो इंग्रजीवर आणून ठेवा.