पेरूच्या झाडावरच्या सीडी

मासिकासोबत फुकट आलेली सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची असेल, तर आधी मासिक शोधा. हे मला आईमुळे कळलं.

१९९८ ते २००० मी ओहायोत शिकत होतो. कॉलेजच्या रेडिओवर आठवड्यातून एकदा पहाटे दोन ते चार माझी पाळी असे. ऐकायला कोण जागं असायचं देव जाणे. तिथे 'सीएमजे न्यू म्युझिक मंथली' यायचं. सीएमजे म्हणजे कॉलेज मीडिया जर्नल. रॉबर्ट हेबर यांनी १९७८ साली न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमधून ते सुरू केलं. कॉलेज रेडिओवाल्यांनी काय वाजवलं ते कळवायचं आणि त्यावरून यांनी याद्या छापायच्या, असा मूळ व्यवहार. दुकानात मिळणारं मासिक १९९३ सालचं. दर अंकाला एक सीडी, तिच्यात वेगवेगळ्या बँडचं एकेक गाणं.

परत येताना सव्वीस सीडी आणि तेवढेच अंक बॅगेत भरून आणले. पुढे नोकरीसाठी बंगळूरला गेलो. आईने अंक रद्दीत घातले आणि सीडी दोरा ओवून परसातल्या पेरूला टांगल्या. पोपट भितात म्हणे.

तर, सीडी हातात आली की आधी छापील बाजू बघा. आपण चकचकीत बाजूला जपतो, पण गाण्यांचा थर असतो छपाईच्या लगेच खाली. चकचकीत बाजूला जवळजवळ सव्वा मिलिमीटर प्लास्टिक असतं, तिथला बारीक ओरखडा सहसा चालून जातो. छापील बाजू खरवडली गेली तर इलाज नाही. सीडी बल्बसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला थर गेला. माझ्या सातांना असे ठिपके होते.

मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसू नका. गाणं गोल गोल लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, पण रेघेच्या दिशेने लांब गेलेला त्याला झेपत नाही.

उतरवायला विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. सुरक्षित मोडवर ठेवा. शंका आली की ते तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं, त्यामुळे खराब सीडीला तासभरही लागतो. घाई करू नका, चहा टाका. फाइल फ्लॅकमध्येच करा, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान होते. एका सीडीला तीनशे ते पाचशे एमबी लागतात, आजच्या डिस्कला ते काहीच नाही.

खरी कटकट नावांची. ऑडिओ सीडीत बहुधा गाण्यांची नावं नसतातच. कॉम्प्युटर गाणी किती आणि प्रत्येक केवढं हे मोजतो आणि इंटरनेटवरच्या यादीत जुळणी शोधतो. ती यादी कुणीतरी हौसेने टाइप केलेली असते. बँड आणि गाणं एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, नाहीतर सगळ्यांपुढे 'व्हेरिअस आर्टिस्ट्स'. आर्टिस्टच्या रकान्यात बँडचं नाव घाला आणि 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये व्हेरिअस आर्टिस्ट्स. हे चुकलं की एक सीडी अठरा फोल्डरांत विखुरते. मी पहिल्या चार सीडींचा असाच चिवडा केला होता.

आणि इथेच अंक लागतो. कुठलं गाणं कुणाचं, कुठल्या अल्बममधलं, हे त्याच्या पानांवर असतं. ती पानं स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका. अंक नसेल आणि सीडीवरची छपाईही उडाली असेल, तर मिनिट-सेकंद कागदावर लिहून 'म्युझिकब्रेन्झ' किंवा 'डिस्कॉग्ज' या साइटवरच्या यादीशी ताडा. एखादं गाणं एक-दोन सेकंदांनी इकडेतिकडे झालं तर हरकत नाही, पण क्रम जुळलाच पाहिजे. मला असे एकोणीस अंक ओळखता आले.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. झाडावर फांद्या घासतात त्या कडेला, म्हणजे शेवटच्या गाण्यांवर. नावाजलेले बँड बहुधा सुरुवातीला असत, आणि शेवटी असत ते कुणी न ऐकलेले. पुन्हा कुठे न सापडणारे नेमके तेच. एका सीडीचं सतरावं गाणं चाळीस सेकंद नीट वाजतं आणि मग नुसतं टक-टक-टक. तेही मी तसंच ठेवलंय, नावासकट.

ज्या सीडी वाचल्याच नाहीत, त्या आईने परत मागून घेतल्या. पेरू पिकायला आलेत.