रेंडर परत करता येतो, रेखाटन नाही

एकट्यानं अ‍ॅनिमेशनपट करताना डिस्क भरते ती रेंडरमुळे, म्हणजे संगणकानं तयार केलेल्या अंतिम चित्रांमुळे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १० मिनिटांच्या फिल्मच्या १४,४०० चित्रफाइल होतात. पण त्या गेल्या तरी वेळ खर्चून पुन्हा काढता येतात. स्टोरीबोर्ड, हातानं काढलेली चित्रं, आवाजाचं मूळ रेकॉर्डिंग आणि प्रोजेक्ट फाइल पुन्हा मिळत नाहीत. म्हणून बॅकअप आधी यांचा, रोज काम संपल्यावर. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड सिंकवर विसंबू नका. इथे चुकून फाइल पुसली की तिथूनही जाते.

शॉटना ०१०, ०२०, ०३० असे क्रमांक द्या, म्हणजे मध्ये नवा शॉट आला तर ०१५ मोकळा असतो. फाइलच्या नावात 'फायनल' लिहूच नका, व्ही००१, व्ही००२ असं वाढवत जा. रेंडर थेट व्हिडिओत न करता पीएनजी फ्रेममध्ये करा. वीज गेली तर अर्धवट राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं.

ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइलचे पाथ (पत्ते) रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या जागेपासून धरलेले ठेवा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा शॉट दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. टेक्स्चरच्या (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राच्या) जागी भडक गुलाबी-जांभळा रंग दिसला, तर ती चित्रफाइल बॅकअपमध्ये आलेलीच नाही किंवा तिचा पाथ तुटलाय. मूळ डिस्क चालू आहे तोवरच हे दुरुस्त करून घ्या.